ओद्दुरची बोटे आणि ट्रकचा फिल्टर

"फिल्टर काय पैदाशीला ठेवायचाय व्हय?" असे मी म्हणालो आणि शेडमधले सगळे हसले. मी विनोद केलेला नव्हता. लोकर कातरायच्या लांब फळीवर ट्रकचे दोन एअर फिल्टर शेजारी शेजारी उभे होते, आणि एडक्याची पाठ चाचपावी तसा ओद्दुर डोळे मिटून त्यांच्यावरून बोटे फिरवत होता. त्या हसण्यात माझा मुद्दा वाहून गेला. तो पुन्हा पटवून द्यायला पुढे पंधरा दिवस लागले आणि एकोणीस मेंढ्या.

मुद्दा असा होता. आमच्या खोऱ्यात घरे चार आणि चौघांत मिळून ट्रक एक. ओद्दुर, ग्रीमुर, म्हातारी हाल्बेरा आणि मी, केटिल, असे चार मालक. ट्रक चालवणे माझ्याकडे. दोन वर्षांपूर्वी वसंतात हिमनदीखालचा ज्वालामुखी डोंगर फुटला आणि त्याची राख वरच्या कुरणाच्या वाटेवरील काळ्या वाळूवर येऊन बसली. आइसलंडात राख कुणाला नवी नाही. परंतु ही राख पिठासारखी बारीक होती आणि चिमटीत चोळली की काचेच्या पुडीसारखी टोचे. उत्तरेचा वारा सुटला म्हणजे ती उठे, आणि मग भर दुपारी हात लांब केला तर स्वतःची बोटे दिसत नसत. अशा वाळूतून मेंढ्या पायी आणल्या तर त्यांचे डोळे जातात आणि फुप्फुसे भरतात, हे आम्ही पहिल्याच शरदात पाहिले. तेव्हापासून आम्ही रीत बदलली. सप्टेंबरात मेंढ्या डोंगरावरून हाकत वाळूच्या पलीकडच्या कडेपर्यंत आणायच्या आणि मधली वीस किलोमीटर ट्रकने, खेपा करून, ओलांडायची. म्हणजे चार घरांच्या मेंढ्यांचा श्वास ट्रकच्या श्वासावर अवलंबून होता, आणि ट्रकचा श्वास फळीवरच्या त्या वस्तूवर.

दोन्ही फिल्टर बंदरावरच्या दुकानातून मीच आणले होते. एक कागदाचा, असंख्य घड्यांचा, हलका. ट्रक बनवणाऱ्यांनी त्या इंजिनासाठीच घडवलेला. राखेमुळे सगळ्या जिल्ह्याने ते उचलून नेले होते आणि दुकानात शेवटचा एकच उरला होता. दुसरा कापसाच्या जाड थरांचा, तेलात भिजवलेला, वजनदार. धुऊन पुन्हा बसवता येतो असा. "दोन्ही ने, नको असंल तो परत आण," असे दुकानदार म्हणाला. कागदाचाच पसंत पडणार याविषयी मला इतकी खात्री होती, की घरी आल्याबरोबर त्याच्या तळाच्या पत्र्यावर मी चाकूच्या टोकाने दोन कान काढून त्यांत माझ्या मेंढ्यांची खूण कोरली: उजव्या कानाला वरून तिरपा काप, डाव्याला मागून दोन खाचा. माझ्या फावड्यावर, खोगिरावर, कॉफीच्या थर्मासवर, सगळीकडे ती आहे. यावरून मला पुष्कळ ऐकून घ्यावे लागते.

ओद्दुरच्या बोटांविषयी सांगितल्याशिवाय पुढचे कळणार नाही. आमच्याकडे ऑक्टोबरात पैदाशीचे एडके निवडतात, तेव्हा जाणते लोक डोळे मिटून एडक्याच्या पाठीवर हात ठेवतात आणि त्याच्या मांसाची जाडी सांगतात. नंतर यंत्र लावून ती मोजतात. गेली कित्येक वर्षे यंत्राने ओद्दुरला खोटे पाडलेले नाही. माझ्या घरचा एकही एडका त्याने हात लावल्यावाचून ठेवला गेला नाही किंवा विकला गेला नाही. चाळीस वर्षे. त्याने "चांगला हाय" म्हटले की मी पुढे विचारीत नसे, आणि मी प्रत्येक गोष्टीत पुढे विचारणारा माणूस आहे.

"ह्यो कागद हाय," ओद्दुर डोळे न उघडता म्हणाला. "नुसत्या बरगड्या लागत्यात हाताला. मांस न्हाई." मग त्याने तेलकट फिल्टर उचलून तळहातावर तोलला. "आन् ह्याची पाठ बघा. भरलेली. दाबलं की परत वर येतीया."

"अरे, बरगड्या हायत म्हणून तर राख अडकायला जागा हाय," मी म्हणालो. "जितक्या घड्या तितकी जागा. तुझ्या कापसातनं ही राख पिठाच्या चाळणीतनं गळावी तशी गळंल."

"तेल लावलंय की. चिकटंल."

"पहिल्या तासाला चिकटंल. मंग?"

"मंग धू की, केटिल," ग्रीमुर म्हणाला. "तुझ्या अंगातल्या स्वेटरागत. धा वर्सांनी का हुईना, धुतोस न्हवं त्यो?"

पुन्हा हसणे झाले. हाल्बेरा मात्र हसली नाही. ती फळीच्या टोकाला खोक्यावर बसून पावाला धुरावलेल्या मटणाचे काप लावीत होती. तिने सुरी तशीच हातात धरून ओद्दुरकडे रोखली.

"माझी फ्लेक्का हाय म्होरकी मेंढी. बर्फात, धुक्यात अख्खा कळप घरला आणती. तिच्या पाठीवर हात फिरिव. हाडं लागतील नुसती. म्होरक्या मेंढ्या कुणी चाचपून निवडतं व्हय? तिचं काम बघत्यात."

"म्होरकीला कुणी खात न्हाई, हाल्बेरा."

"आन् तू फिल्टर खाणार हाईस व्हय?"

आता हसणे ओद्दुरवर उलटले, आणि तोही हसला. त्याने कागदाचा फिल्टर पुन्हा हातात घेतला, उलटा केला, तळाच्या पत्र्यावरून अंगठा फिरवला. अंगठा एके ठिकाणी क्षणभर थांबला. हे मी त्या वेळी पाहिले. त्याचा अर्थ त्या वेळी लावला नाही. मग त्याने डोळे उघडले, कागदाचा खाली ठेवला आणि तेलकट फिल्टरावर हात ठेवून म्हणाला, "ह्योच."

ग्रीमुरने मान डोलावली. हाल्बेराने खांदे उडवले आणि पाव पुढे सरकवला. मी एकटा उरलो. मी अडून बसलो असतो तर काय झाले असते, याचा मी पुष्कळ विचार केला आहे. मी अडून बसलो नाही. माझ्याजवळ युक्तिवाद होता आणि त्याच्याजवळ बोटे होती, आणि चाळीस वर्षांत माझ्या युक्तिवादाने एकही एडका निवडलेला नव्हता.

"बेस्तरवारी मी बंदरावर दाताच्या डागदराकडं चाललोय," ओद्दुर जाताना म्हणाला. "कागदाचा दे हिकडं. दुकानात परत टाकतो."

मी फिल्टर खोक्यात घातला, खोके दोरीने बांधले आणि त्याच्या हातात दिले. वर त्याचे आभारही मानले. गुरुवारी परत आल्यावर, दुकानाने दिले म्हणून, त्याने फिल्टरचे पैसे ट्रकच्या सामाईक डब्यात सगळ्यांदेखत टाकले.

सप्टेंबरचा दुसरा आठवडा लागला. पाच दिवस डोंगर धुंडाळून आम्ही मेंढ्या वाळूच्या पलीकडच्या कडेला आणल्या. खेपांच्या पहिल्या दिवशी वारा पडलेला होता. मी तीन खेपा केल्या आणि ट्रकने तक्रार केली नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी हिमनदीच्या माथ्यावर तपकिरी पट्टा दिसला. तासाभरात वारा खाली उतरला. वाळू आधी पायांशी सरपटू लागली, मग गुडघ्यांपर्यंत आली, मग आभाळ आणि जमीन यांच्यात फरक उरला नाही. मी दिवे लावून रिकामा ट्रक पलीकडे नेत होतो. मेंढ्या तिथे वाट पाहत होत्या. अजून दोनशेच्या वर होत्या. निम्म्या वाटेत ट्रकची ताकद गेली. मागून निळा धूर येऊ लागला. मी त्याला चुचकारीत, शिव्या देत, कसेबसे पलीकडच्या कडेपर्यंत नेले. तिथे इंजिनात हवा कोंबणाऱ्या टर्बोने लांब शीळ घातली, एक कडकडाट झाला आणि ट्रक गप्प झाला.

फिल्टरची पेटी मी वाऱ्याकडे पाठ करून उघडली. फिल्टर बाहेरून जाड, भरलेला, रुबाबदार दिसत होता. त्याच्यामागच्या नळीत, जिथे केवळ स्वच्छ हवा असायला हवी, तिथे मी बोट घातले. बोट काळे होऊन बाहेर आले. मी ते ओद्दुरसमोर धरले.

तो घोड्यावरून उतरला होता. त्याने बोटाकडे पाहिले, आणि मग दुसरीकडे.

"पायी काढाव्या लागतील," तो म्हणाला.

थांबण्याची सोय नव्हती. त्या कडेला ना गवत, ना पाणी. आणि वाऱ्यामागून बर्फ येणार हे आम्हा सगळ्यांच्या गुडघ्यांना कळत होते. हाल्बेराने फ्लेक्काला कळपातून पुढे काढले, तिच्या मानेवर थोपटले आणि म्हणाली, "चल गं बाई. कुणी न्हाई दुसरं."

ती चालली. नाक जमिनीला लावून, डोळे जवळजवळ मिटून, हाडकुळी ठिपक्यांची मेंढी पुढे, आणि मागे दोनशे मेंढ्या एकमेकींच्या लोकरीत तोंडे खुपसून. आम्ही तोंडाला फडकी बांधून कडेकडेने चालत होतो. ओद्दुरही चालला. त्याचा घोटा मुरगळला तरी तो घोड्यावर बसला नाही. एक कोकरू त्याने सबंध वाट खांद्यावर वाहिले. हे मी मुद्दाम सांगतो, कारण नंतर गावात त्याच्याविषयी जे बोलले गेले त्यात ही गोष्ट कुणी सांगत नाही, आणि जे खरे ते सगळे सांगितले पाहिजे. अंधार पडायच्या आत आम्ही अलीकडे पोहोचलो. एकोणीस मेंढ्या वाळूतच राहिल्या. त्यांतल्या सात हाल्बेराच्या. तिच्या घरी मेंढ्याच मुळी चाळीस.

दुसऱ्या दिवशी वारा पडला. ट्रक ओढून आणायला ट्रॅक्टर हवा होता, आणि तेवढ्या ताकदीचा ट्रॅक्टर एकट्या ओद्दुरकडे. तो दारातल्या बाकावर सुजलेला पाय बादलीत बुडवून बसला होता आणि खोकत होता.

"ने की," तो म्हणाला. "किल्ली त्यालाच हाय."

वाळूत जायचे, म्हणून निघण्यापूर्वी मी ट्रॅक्टरच्या फिल्टरची पेटी उघडली. सवय, दुसरे काही नाही. त्याच्या ट्रॅक्टरचे आणि आमच्या ट्रकचे इंजिन एकाच घराण्यातले आहे, हे मला माहीत होते. फक्त ते मला कधी आठवले नव्हते. आत कागदाचा फिल्टर होता. असंख्य घड्या, प्रत्येक घडीत अडकलेली करडी राख. मी तो बाहेर काढला आणि उलटा केला. उजव्याला वरून तिरपा काप. डाव्याला मागून दोन खाचा.

गोठ्याच्या दारातल्या उजेडात मी दोन्ही खुणा पुन्हा पाहिल्या. मग फिल्टर होता तसा बसवला, पेटी बंद केली आणि ट्रॅक्टर वाळूवर नेला. सबंध दिवस तो राखेतून चालला आणि एकदाही खोकला नाही. पुढे ट्रॅक्टर, मागे साखळीला बांधलेला मेलेला ट्रक. मी निवडलेला फिल्टर त्याने निवडलेल्या फिल्टरला घरी ओढून आणीत होता. ट्रॅक्टर परत लावताना मी फिल्टर काढून घेतला, त्याच्या जागी आमच्या ट्रकमधून काढलेला जाडजूड कापसाचा ठेवला, आणि ओद्दुरला "झालं" एवढेच सांगून घरी गेलो.

त्यानंतरच्या शनिवारी मेंढ्यांची वाटणी होती. आमचा वाटणीचा वाडा दगडी आणि गोल आहे. मधे मोकळे रिंगण आणि भोवती भाकरीच्या चतकोरांसारखे एकेका घराचे कप्पे. रिंगणात मेंढी धरायची, कान पाहायचे आणि खुणेच्या मालकाच्या कप्प्यात ढकलायची. कानावरून वाद पडला तर काम थांबते, सगळे गोळा होतात आणि चार घरांतले वयाने सगळ्यांत मोठे माणूस खूण मोठ्याने वाचते. त्यावर मग कुणी बोलत नाही. दुसऱ्याची खूण असलेले जनावर ठेवून घेणाऱ्याला आमच्याकडे जो शब्द आहे, तो कुणी जेवणाच्या टेबलापाशी उच्चारीत नाही.

निम्मी वाटणी झाल्यावर मी फिल्टर रिंगणाच्या मधोमध आणून ठेवला.

"हाल्बेरा, एक जनावर सापडलंय. खूण वाच."

"ह्ये कसलं जनावर?" ग्रीमुर हसत पुढे आला. "ह्याला लोकर कुठंय?"

हाल्बेराने चष्मा वर सारला आणि पत्रा डोळ्यांजवळ नेला. तिला वाचायला वेळ लागला. त्या वेळात ग्रीमुरचे हसणे विझले.

"उजवा वरनं तिरपा," ती म्हणाली. "डाव्याला मागनं दोन खाचा. केटिल, तुझी खूण. कुठं सापडलं?"

"ओद्दुरच्या गोठ्यात. ट्रॅक्टरच्या पेटीत."

मेंढ्यांचे ओरडणे चालूच होते. माणसे तेवढी ओद्दुरकडे वळली. ओद्दुर कुबडीवर रेलून उभा होता. तो लाल झाला नाही, गोरामोराही झाला नाही. एखादे ओझे खाली ठेवावे तसा तो बोलू लागला.

"पैसे भरल्यात मी. तुमी सगळ्यांनी बघितलंय, डब्यात टाकलं."

"दुकानानं परत दिलं म्हणून टाकलंस. आन् पैशाचं कोण इचारतंय?"

"ऐकून घे. माझा ट्रॅक्टर उन्हाळाभर रोज चालतो. तुझं गवत मीच कापतो, हाल्बेराचं मीच कापतो. ट्रक वर्सातनं धा दिस चालतो. फिल्टर एकच उरला हुता. मला वाटलं धा दिसांत त्यो जाड बी निभावंल. हिशेबानं बरोबर हुतं."

"असंल. मंग हिशेब त्या फळीवर मांडायचा हुता. मागितला असतास तर दिला असता, ओद्दुर. मी सवता दिला असता."

"ते मला ठावं हुतं."

"मंग?"

"मंग मागावं लागलं असतं," ओद्दुर म्हणाला.

यावर उत्तर देण्यासारखे माझ्याजवळ पुष्कळ होते. मी ते दोन दिवस मनात रचून ठेवले होते, क्रमाने, एकेक मुद्दा. ते सगळे मी बाजूला ठेवले. मी एवढेच विचारले, "त्या दिवशी तुझ्या बोटांना काय कळलं?"

त्याने ग्रीमुरकडे पाहिले, हाल्बेराकडे पाहिले.

"कागदाचा चांगला हाय, ह्ये कळलं."

"आन् खूण?"

"ती बी लागली. अंगठ्याला."

हाल्बेराने फिल्टर खाली ठेवला. "सात," एवढेच ती ओद्दुरला म्हणाली, आणि आपल्या कप्प्याकडे गेली. मी फिल्टर उचलला आणि माझ्या कप्प्यात, मेंढ्यांच्या पायांशी, ठेवून दार लावले. एका कोकराने तो हुंगला आणि तोंड फिरवले. मग ग्रीमुरने एक मेंढी शिंगांनी धरली, कान पाहिला आणि कुणाच्याही तोंडाकडे न पाहता ओरडला, "ओद्दुर! तुझी हाय." वाटणी संध्याकाळपर्यंत चालली.

वाडा रिकामा करताना हाल्बेराने फ्लेक्काला नेहमीप्रमाणे दारातून पुढे काढले. फ्लेक्का दारात थांबली, बाजूला सरली आणि इतर मेंढ्यांना जाऊ दिले. डोळे बरे होते, पाय बरे होते. जनावरांच्या डॉक्टरने नंतर तपासून तसे सांगितले. हाल्बेराने तिला तीनदा पुढे नेले आणि तीनदा ती कळपाच्या मागे जाऊन उभी राहिली. त्या दिवसापासून ती मागेच चालते.

ट्रकला दुसरा टर्बो बसवला, कागदाचा फिल्टर बसवला. तो मेला नाही. पण इंजिनाने जी राख खाल्ली ती खाल्ली. आता तो तेल पितो आणि चढावर धापा टाकतो. गवत अजून ओद्दुरच कापतो. आमच्या खोऱ्यात माणसे इतकी थोडी आहेत की कुणाशी बोलणे टाकायचे झाले तर परवडत नाही.

ऑक्टोबरात एडके निवडायचा दिवस आला. मी जाणार नव्हतो. तरी सकाळी उठून मी लोकांच्या आधी तिथे होतो. माझ्याकडे एक दीड वर्षाचा एडका होता, पांढरा, रुंद छातीचा. तो ठेवावा की विकावा हे माझ्याने ठरत नव्हते, आणि ते सांगणारा माणूस आमच्या जिल्ह्यात एकच आहे. मांस मोजणारा यंत्रवाला पावसामुळे त्या वर्षी आला नव्हता. मी एडका ओद्दुरसमोर धरला.

त्याने डोळे मिटले, दोन्ही हात लोकरीत घातले. बोटे कण्याच्या दोन्ही बाजूंनी हळूहळू मागे गेली, कमरेपाशी थांबली, दाबून पाहिले, पुन्हा पुढे आली. त्या बोटांना त्या वेळी सगळे कळत होते, याविषयी मला तेव्हाही शंका नव्हती आणि आजही नाही.

"चांगला हाय," ओद्दुर म्हणाला. "ठेव."

मी एडका घेऊन घरी आलो. गोठ्याचे दार लावले, डोळे मिटले आणि त्याच्या पाठीवर माझे स्वतःचे हात ठेवले. लोकर लागली. लोकरीखाली ऊब लागली. तिच्याखाली काय आहे ते माझ्या हातांना काही केल्या कळेना.